समासातलं उत्तर

६ मार्च

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद. कालच्या वर्तमानपत्रात तुझा फोटो पाहिला. 'शिक्षण कशासाठी? समितीची पहिली जाहीर बैठक' असा मथळा, टेबलामागे पाच खुर्च्या, पाच पाण्याच्या बाटल्या आणि अगदी कडेला तू, अर्धी कापलेली. खाली लिहिलंय 'सदस्य-सचिव'. लहानपणी जेवताना पन्नास शंका काढून आईच्या नाकी नऊ आणणारी पोर आता सगळ्या शिक्षणखात्याला शंका विचारणार, म्हणजे खात्याचं काही खरं नाही.

बातमी मात्र आवडली नाही. एक कारखानदार म्हणतो, शाळेनं कामाला उपयोगी माणसं द्यावीत. दुसरा कुणी म्हणतो, संस्कार द्यावेत. आणि तुमचे अध्यक्ष म्हणतात, ते काय द्यायचं ते पुढे बघू, आधी उत्तरपत्रिका यंत्राकडून तपासून घेऊ. म्हणजे लग्न कुणाशी ते ठरायचंय, पण मांडव घातला.

माझा गठ्ठा मंगळवारी आला. भाषेचा पेपर, तीनशे उत्तरपत्रिका. यंदा मूळ कागद नाहीत, छायाप्रती पाठवल्यात. अक्षर दिसतं, पण पेन किती दाबून धरलं होतं ते कळत नाही. पोरगं घाबरलेलं असलं की कागदाला मागून उठाव येतो, बोट फिरवलं की समजतं. ती सोय गेली. तरी टेबल पुसून, खिडकीजवळ ओढून तयार झालोय. आता तीन आठवडे माझ्याकडे तीनशे माणसं आहेत. एरवी दूधवाला आणि मी.

फोन करू नकोस. मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनानं भरतो. पत्र लिही.

तुझा मामा


१२ मार्च

प्रिय मामा,

नमस्कार. मांडवाचा टोमणा पोचला. पण तूच सांग, एकाच निबंधाला एक परीक्षक दोन गुण देतो आणि दुसरा आठ. त्या मुलानं कुणाच्या दारात जायचं? यंत्राचं डोकं दुखत नाही, घरी भांडण होत नाही, दोनशेवी उत्तरपत्रिका त्याला पहिलीइतकीच ताजी असते. तूच मला एकदा सांगितलं होतंस की तापात तपासलेल्या एका गठ्ठ्याची बोच तुला अजून आहे. मला यंत्राचं प्रेम आलेलं नाही. पण दगडापेक्षा वीट मऊ.

लोकांच्या सूचना आणि हरकती मागवल्यात, त्या वाचायचं काम माझं. एका गृहस्थांनी अकरा पानं लिहिलीत, शाळाच नकोत म्हणून. त्यांच्या अक्षरावरून वाटतं, त्यांना शाळेत फार मारलं असावं.

बाकी ठीक. नवीन घर चौथ्या मजल्यावर आहे. हवा चांगली येते. शेजारी कोण राहतं ते अजून कळलेलं नाही, त्यांच्या दारावर पाटी नाही. माझ्याही नाही म्हणा. रविवारी पडदे शिवायला टाकले, तर शिंपी म्हणाला, "घरी किती माणसं?" पडद्याचा आणि माणसांचा काय संबंध ते त्यालाच माहीत.

तुझी,
शंकासूर


१७ मार्च

चि. शंकासुरास,

अनेक आशीर्वाद. पडद्यांचं ठीक. आता मी काय सांगतो ते नीट वाच, महत्त्वाचं आहे.

काल एकशे चौदावी उत्तरपत्रिका हातात आली. यंदाचा निबंध, 'शाळा नसती तर'. एकशे तेरा पोरांनी मला सांगून झालं होतं की शाळा नसती तर देशाची प्रगती खुंटली असती. मग ही आली. तुला सगळा निबंध उतरवून पाठवतो, एवढाच आहे:

"शाळा नसती तर माझं फार मोठं नुकसान झालं नसतं, कारण पुस्तकं घरीही वाचता येतात. फक्त सकाळची हजेरी बुडाली असती. बाई आकडा म्हणतात आणि मी हजर म्हणते. घरी मी आले की नाही हे कुणी विचारत नाही, कारण विचारायला कुणी नसतं. दिवसभरात मोठ्यानं बोललेला तो एकच शब्द, असे माझे पुष्कळ दिवस असतात. शाळा नसती तर मी आहे हे मी कुणाला सांगितलं असतं? बाकी शाळेचे फायदे पुस्तकात दिलेले आहेतच."

संपला. सुरुवात नाही, समारोप नाही, शब्दमर्यादेच्या निम्मासुद्धा नाही. गुणदानाच्या तक्त्याप्रमाणे दहापैकी तीन. मी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि दहा दिले. एकतीस वर्षांत निबंधाला दहा दिले नव्हते, माझे हात त्या बाबतीत आखडते आहेत हे सगळ्या मंडळाला ठाऊक आहे. आणि समासात लाल पेनानं लिहिलं, "बाळ, तू आहेस हे मी वाचलं. उद्याही शाळेत ये." समासात असं लिहायला बंदी आहे. माहीत आहे मला.

मुलीला ते कधी दिसणार नाही, हेही माहीत आहे. म्हणून तुला सांगतोय. क्रमांक सोबत लिहिलाय. तू मंडळाच्या इमारतीत बसतेस, हिची शाळा शोधून काढ. तिच्या बाईंना एक ओळ लिहिता येईल. दुसरं काही नको. पोर विनोदी आहे ग, शेवटचं वाक्य बघ. अशी पोरं कुणाला न सांगता सुकतात.

मामा


२५ मार्च

प्रिय मामा,

उत्तराला उशीर झाला. कामं होती.

क्रमांकावरून शाळा शोधणं नियमात बसत नाही. तूही मला तो कळवायला नको होतास. निबंध तर मुळीच नाही.

तू फार मनाला लावून घेऊ नकोस. मुलं परीक्षेत काहीही लिहितात. कदाचित तिला निबंध सुचला नसेल. कदाचित तिनं कुणी दुसरीच मुलगी डोळ्यांसमोर आणून लिहिलं असेल.

एक विचारू? तुला खरंच दहा द्यावेसे वाटले? की दया आली म्हणून? आणि तू तिला भेटलास, तर काय बोलशील?

मी बरी आहे.

तुझी


३० मार्च

चि. शंकासुरास,

तुझं पत्र वाचून वाटलं, माझी भाची नव्हे, खातं बोलतंय. नियम, नियम आणि वर 'मनाला लावून घेऊ नकोस'. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. शोधायचं नसेल तर शोधायचं नाही म्हण.

विचारलंस म्हणून सांगतो. दयेचे गुण मी देत नाही. दयेनं दिलेला गुण पोराला भिकेसारखा असतो. ते लिखाण दहाचं होतं. तिनं रडगाणं गायलेलं नाही, जे आहे ते मोजून सांगितलं आणि थांबली. आणि भेटली तर काय बोलणार? मी काही बोलणार नाही. जवळ बसेन. तिला बोलायचं असेल तर बोलेल. मला नीट ऐकू येत नाही, तेव्हा तिला मोठ्यानंच बोलावं लागेल, हा आणखी एक फायदा.

गठ्ठा सोमवारी परत गेला. घर एकदम मोठं वाटतंय. दरवर्षीच वाटतं, पण यंदा ती एक त्यात राहून गेली. सकाळी चहा करताना मनात येतं, आता तिची हजेरी चालली असेल. मग आठवतं, परीक्षा संपल्या, शाळेला सुटी लागली. म्हणजे आता तेवढंही नाही.

तर मी ठरवलंय. १८ एप्रिलला तुमची जाहीर सुनावणी आहे, कुणीही येऊन बोलू शकतो असं छापलंय. मी येणार. कारखानदाराला आणि तुमच्या अध्यक्षांना ह्या एका मुलीबद्दल सांगणार. म्हणणार, यंत्रानं हिला तीन दिले असते आणि ते बरोबरही ठरले असते. मग तुम्हीच सांगा शिक्षण कशासाठी. एवढंच बोलून खाली बसेन.

मामा


५ एप्रिल

प्रिय मामा,

कृपा करून सुनावणीला येऊ नकोस.

प्रवास सात तासांचा आहे, तुझे गुडघे असे. सभागृहात तुला कुणाचं बोलणं ऐकू येणार नाही. तिथे पत्रकार असतात, लोक एकमेकांवर ओरडतात, समोरच्याचं हसं करायला टपलेले असतात. आणि तू गोपनीय उत्तरपत्रिकेबद्दल उभा राहून बोललास, तर मंडळ तुला पुन्हा गठ्ठा देणार नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?

तुझं म्हणणं मला लिहून पाठव. हरकतींमध्ये मी सगळ्यात वर ठेवीन, शब्द देते.

ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही. येऊ नकोस. माझं ऐक.

तुझी


९ एप्रिल

चि. शंकासुरास,

कळलं. मोठ्या लोकांत बसणाऱ्या भाचीला बहिऱ्या मामाची लाज वाटते. वाटू दे, मला त्याचा राग नाही. तू अर्धी कापलेली का होईना, फोटोत आलीस. माझा तर कुणी काढलेलाच नाही.

पण माझं म्हणणं कागदावर देऊन चालणार नाही. कागदावर म्हणणं मांडलं की त्याचं काय होतं, हे त्या मुलीकडून शिकलोय. मी येणार. तुझ्याकडे उतरणार नाही, काळजी नको. सकाळी येऊन संध्याकाळच्या गाडीनं परत जाईन. सभागृहात ओळख दाखवायचीही गरज नाही.

मामा


२० एप्रिल

माननीय सदस्य-सचिव यांस,

परवाच्या सुनावणीत बोलायची संधी दिलीत, त्याबद्दल आभार.

माझं बोलून झाल्यावर अध्यक्ष काहीतरी म्हणाले आणि सभागृह हसलं. का हसलं ते मला कळेना. शेजारच्या गृहस्थांनी माझ्या कानात ओरडून सांगितलं, "आजोबा, अशी मुलगीच नाही! समितीनंच लिहिलेली उत्तरपत्रिका होती ती, तुम्हाला जोखायला. चाळीस जणांना दिली होती. एकोणचाळीस जणांनी तीनच्या आसपास दिले!"

शितावरून भाताची परीक्षा करतात हे ठाऊक होतं. ह्या खेपेला शीत मी होतो.

तेवढ्यात आपण माइककडे जायला उठलात. आपल्या तोंडून तेच पुन्हा ऐकायची माझी तयारी नव्हती, आणि ऐकू तरी कुठे आलं असतं. माणसं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली होती. मी मागच्या दारानं निघालो.

आपल्याला हे सगळं मार्चपासून माहीत होतं. त्या मुलीसाठी मी काय काय लिहीत गेलो आणि आपण वाचत गेलात. ह्यापुढे पत्र पाठवू नये.

एक निवृत्त परीक्षक


२४ एप्रिल

मामा,

पाठवू नको म्हणालास तरी पाठवतेय. फाडायचं असेल तर वाचून फाड.

मी माइकवर काय बोलले ते तुला ऐकू आलं नाही, म्हणून लिहिते. मी म्हणाले, "ही उत्तरपत्रिका मी लिहिली. एका मुलीची म्हणून लिहिली, पण त्यात वय सोडून काहीच खोटं नाही. ज्यांना तुम्ही हसलात ते माझे मामा. एकोणचाळीस जणांनी तक्त्याप्रमाणे गुण दिले, त्यांचं काही चुकलं नाही. पण समासात उत्तर फक्त ह्यांनी दिलं." लोक माना वळवून तुला बघत होते ते त्यामुळे. दोघं-तिघं उभे राहिले होते. तू तेव्हा दाराबाहेर होतास. मी जिन्यावरून धावत खाली आले, तर तुझी रिक्षा वळत होती. हाक मारली. तुला ऐकू आली नाही.

आता बाकीचं. जानेवारीत समितीनं ठरवलं, परीक्षकांच्या गुणांत किती फरक पडतो ते बघायचं. बारा खोट्या उत्तरपत्रिका करायच्या होत्या. त्यातल्या एकीचा निबंध माझ्या वाट्याला आला, 'लांबीला तोकडा, बांधणी नसलेला' असा हवा होता. ऑफिसात जेवणाच्या सुटीत बसले. मुलीसारखं काय लिहावं ते सुचेना. म्हटलं, आपलंच लिहू या, हजेरी तेवढी ऑफिसाऐवजी शाळेची करू. आमच्याकडे सकाळी दारावरचा पहारेकरी वहीत खूण करताना विचारतो, "आलात का?" आणि मी "हो" म्हणते. दहा मिनिटांत लिहून झाला. टायपिस्टच्या मुलीनं तिच्या अक्षरात उतरवला. छायाप्रती काढल्या. मी विसरूनही गेले.

मग तुझं ते पत्र आलं. मी स्वयंपाकघरात उभ्यानंच वाचलं आणि तिथेच खाली बसले. मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी आनंद झाला, मामा. इतका की मला माझीच भीती वाटली.

गोपनीयतेची शपथ होती हे खरं आहे, पण कारण ते नव्हतं. शपथ मोडून तुला सांगता आलं असतं. सांगितलं असतं, तर तू "हात्तिच्या" म्हणून हसला असतास आणि दुसऱ्या दिवशी तिची काळजी करायचं सोडलं असतंस. मला ती काळजी हवी होती. पत्रावर पत्र येत होतं, सकाळी चहा करताना तुला ती आठवत होती, आणि ते सगळं मला मिळत होतं, दुसऱ्या कुणाच्या नावानं का होईना. म्हणून मूग गिळून गप्प बसले. पुढे तू सुनावणीला यायचं म्हणालास तेव्हाही सांगायचं धैर्य झालं नाही. नुसतं 'येऊ नकोस' लिहिलं. तुला वाटलं मला तुझी लाज वाटते. मला माझी वाटत होती.

निर्णय बदलला नाही. पुढच्या वर्षापासून यंत्र. तुझा गठ्ठा गेला, आणि तो जायला मी हातभार लावला. नात्यातला माणूस परीक्षक आहे हे आधी जाहीर केलं नाही म्हणून मला समितीतून काढलं, दप्तरखान्यात पाठवलं. त्याचं मला दुःख नाही.

तू माझ्यावर रागाव. पण मला 'आपण' म्हणू नकोस.

तुझी,
शंकासूर


२९ एप्रिल

चि. शंकासुरास,

पत्र पोचलं. फाडलं नाही.

गठ्ठ्याचं वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू. मार्च आला की काय करायचं हे मला अजून सुचलेलं नाही. तुझा रागही आला होता. दोन दिवस तो पुरवून पुरवून वापरला. मग एक काम काढलं.

तुझी अकरा वर्षांची पत्रं माझ्याकडे आहेत, ताई गेल्यानंतरची सगळी. पत्र्याच्या पेटीतून काढली, टेबल खिडकीशी ओढलं आणि तारखेप्रमाणे लावून, परीक्षेची उत्तरपत्रिका वाचतात तशी एकेक वाचली. तीन दिवस लागले. काय सांगू तुला. सगळं लिहिलेलं आहे ग त्यांत. एकातही तू तक्रार केलेली नाहीस, जे आहे ते मोजून सांगितलंस आणि थांबलीस. चार वर्षांपूर्वीच्या एका पत्रात लिहिलंयस, "आठवडाभर ताप होता, पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन झोपत होते, आता उतरला." तारीख मार्चची आहे. मी उत्तरात काय लिहिलं असेल ते मला न आठवताही सांगता येईल. यंदा पेपर सोपा होता, असंच काहीतरी.

परक्या पोरीच्या सात ओळी वाचून मी सात तासांचा प्रवास करून आलो. सख्ख्या भाचीची पत्रं आली, तेव्हा माझ्या टोमण्याला काय उत्तर दिलंय तेवढं बघून पेटीत टाकत आलो. एकतीस वर्षं लोकांची उत्तरं तपासली आणि घरची तशीच राहिली. समितीनं मला जोखलं त्यात मी नापास झालो नाही. ह्यात झालो. ह्याला पुरवणी परीक्षा असते का ते माहीत नाही, पण बसून बघणार आहे.

दहा गुण कमी करणार नाही. वय खोटं होतं म्हणतेस, त्याचा अर्धासुद्धा कापणार नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतोय. येऊ का असं विचारत नाही, कारण विचारलं की तू माझे गुडघे काढशील. चौथा मजला ना, चढेन बसत बसत. आठ दिवस राहणार आहे. माझा कंटाळा आला तर स्पष्ट सांग, मग पंधरा दिवस राहीन.

तुझा मामा